ठकूआत्याच्या गाईला सात इंग्रजी वेढे

…नाही, शिकावं की माणसानं! शिकू नये असं कोण म्हणतंय? पण बेचाळिसाव्या वर्षी, कोंबड्याच्याही आधी उठून, आणि एवढ्या मोठ्यानं? तुम्हाला सांगतो, सावळेराम मास्तरांच्या आणि आमच्या घरात भिंत म्हणाल तर भिंत नाही, नुसता कारवीचा कूड, दोन्हीकडून शेणामातीनं लिंपलेला, आणि तो लिंपाही एका जागी टीचभर निखळलाय, नेमका माझ्या उशाशी. मी कान लावायला जात नाही हो! कान तिथंच असतो. झोपतोच मी तिथं, त्याला काय करणार? तर त्या भोकातून रोज पहाटे काय यावं? भूपाळी? अभंग? छे! "सराउंड म्हणजे वेढणे… एन्क्लोज म्हणजे वेढणे… एन्सर्कल म्हणजे वेढणे…" अहो, सगळ्यांचा अर्थ वेढणेच असेल तर एकदा म्हणा आणि पडा की गप! आमची मंडळी म्हणाली, "बायको माहेरी गेलीय त्यांची, एकटे बडबडत असतील. तुम्हाला काय त्याचं?" बरोबर आहे. आपल्याला काय करायचंय, म्हणा!

पण मग सहज… अगदी सहज, विस्तव मागायला म्हणून मी गेलो. आमच्या चुलीत विस्तव होता, ते सोडा. बघतो तर मास्तर घोंगडी पांघरून बसलेत, पुढ्यात समई, आणि मांडीवर हा एवढा जाड ग्रंथ! जुन्नरच्या पेठेतून आणलेली इंग्रजी-मराठी डिक्शनरी. मी म्हटलं, "मास्तर, ही कसली पोथी?" तर चेहरा असा केला की जणू चोरी पकडली. आता मला ठाऊक होतं, तरुणपणी हे पुण्याला इंग्रजीच्या परीक्षेला दोनदा बसले होते आणि दोनदा उठले होते. तेव्हापासून इंग्रजीचं नाव काढलं की मास्तर पायाच्या अंगठ्याकडं बघायचे. मग आज हे कशाला? तर म्हणाले, "भगवंतभाऊ, मी ठकूबाईंना शब्द दिलाय."

आता ठकूआत्याचं सांगितल्याशिवाय तुम्हाला काही कळायचं नाही. आमच्या शिनोली गावाच्या वरच्या अंगाला, टेकाडावर, ठकूआत्याचं घर. एकटी बाई. पोर नाही, बाळ नाही, एक वरईचं खाचर, चार हिरड्याची झाडं आणि एक तांबू नावाची गाय. तांबू म्हणजे काय विचारू नका! आत्या तिला आधी विचारते आणि मग जेवते. तर झालं काय, दिवाळीच्या आसपास सरकारी रानाची हद्द आखायला माणसं आली. साखळ्या ओढल्या, चुन्यानं रंगवलेले दगड रोवले, आणि गेली. जाताना आत्याचं घर आणि खाचर तेवढं सोडलं, मालकीचं आहे म्हणून. फार न्यायानं वागले. पण सोडलं ते कसं? दगड मांडले घराच्या चारी अंगांना! मधे आत्या, मधे गाय, आणि ज्या बाजूनं पाऊल टाकाल त्या बाजूला सरकारी रान. माणसानं जायला बंदी नाही. जनावरानं खूर टाकला की कोंडवाडा! आणि ओढा खाली, चारशे पावलांवर. मग गाय पाणी पिणार कुठं? आत्या दिवाळीपासून पौषापर्यंत ओढ्यावरनं डोक्यावर घागरी वाहतेय. सकाळी चार, दुपारी तीन, सांजच्याला चार. पन्नाशीची बाई! मान पार खांद्यात गेली हो तिची.

बरं, रखवालदार कुणी परका असता तर भांडता तरी आलं असतं. रखवालदार कुशाबा, आमच्याच गावचा! दुपारी आत्याच्या ओट्यावर बसून तिचीच भाकरी खातो, आणि गाईनं दगडापलीकडं मान काढली की काठी आपटतो. "आत्ये, मान आत घ्यायला सांग तिला, माजी नोकरी जाईल!" आत्या म्हणते, "तूच सांग की, तुला सरकारनं काठी दिलीया." जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय!

तर रानखात्याचा गोरा साहेब दौऱ्यावर येणार होता. शिनोलीत एक दिवस मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी पुढं. त्या दिवसात वाट मिळाली तर मिळाली, नाहीतर पुन्हा वर्षानं. आणि तोवर आत्याच्या मानेचं काय? तिनं ठरवूनच टाकलं होतं, वाट नाही मिळाली तर तांबूला मढ गावी भावाच्या गोठ्यात धाडायची. हे मास्तरांना सांगताना, मास्तरच म्हणाले, ती रडली नाही. फक्त गाईच्या अंगावरची गोचीड काढत बसली. गोचीड नव्हती तरी काढत बसली. तेव्हा मास्तर उठून म्हणाले, "ठकूबाई, अर्ज मी लिहितो. इंग्रजीत लिहितो!"

हे सगळं ऐकून मी म्हटलं, "मराठीत का नको?" तर मास्तर म्हणाले, "मराठी अर्ज कारकुनाच्या पेटीत जातो, भगवंतभाऊ. इंग्रजी अर्ज साहेबाच्या हातात जातो." आता मी मराठी तिसरी. मी आपली मान डोलावली.

आणि अर्ज तसा सोपा. 'माझे घर सरकारी रानाने वेढलेले आहे, तरी गाईस ओढ्यापर्यंत वाट मिळावी.' वाट सापडली, गाय सापडली, ओढा सापडला. अडलं कुठं? तर वेढलेले! मास्तरांनी ग्रंथ उघडला आणि एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, असे सात शब्द निघाले. सात! तुम्हाला सांगतो, मराठीत एक भाकर मिळायची मारामार आणि इंग्रजांकडं वेढायला सात-सात शब्द! बरोबरच आहे, एवढा मुलूख उगाच वेढला का त्यांनी?

मास्तरांनी आम्हाला खेमचंद शेठच्या दुकानाच्या ओट्यावर बसवून समजावलं. खेमचंद शेठ म्हणजे आमचे मारवाडी दुकानदार. आजोबा मारवाडातून आले, आता हे मराठी आमच्यापेक्षा बरं बोलतात. मास्तर म्हणाले, "हे पाहा, एन्क्लोज म्हणजे कुंपण घालून आत कोंडणं. एन्सर्कल म्हणजे गोल वेढा, खळ्यात तिवड्याच्या खांबाभोवती बैल फिरतात तसा. गर्ड म्हणजे कमरेला करगोटा. बिसीज म्हणजे फौजेनं वेढा देणं, शिवनेरीला पडायचा तसा. एन्व्हायरन म्हणजे गावाच्या भोवती शेतं असतात तसं. एन्कंपास म्हणजे…" इथं मास्तर थांबले. दोन्ही हात पसरले, शेठच्या गुळाच्या ढेपेला कवळ घातली आणि म्हणाले, "असं." शेठ म्हणाले, "मास्तर, ढेप सोडा, मुंग्या लागतील. आणि सातवा?" "सराउंड." "त्याचा अर्थ?" "वेढणे." "मग तोच लिहून टाका ना! एक गूळ तोलायला मी काय सात काटे लावतो?"

मास्तरांना हे लागलं. म्हणाले, "शेठजी, साहेब शब्दाचा माणूस. चुकीचा शब्द पडला तर म्हणेल, बाईला कोंडलेलं नाही, अर्ज खोटा. आधी जागा बघितली पाहिजे."

म्हणून आम्ही टेकाडावर गेलो. मला जायचं काही कारण नव्हतं, पण मोजायच्या दोरीचं दुसरं टोक कुणीतरी धरायला हवं होतं ना? एक दगड, दोन दगड, असे अकरा दगड मोजले. मास्तर म्हणतात, "गोल आहे का?" मी म्हटलं, "कुत्र्यानं एका बाजूनं खाल्लेल्या भाकरीसारखं आहे." झालं, एन्सर्कल गेला. कुंपण नाही, एन्क्लोज गेला. मास्तर म्हणाले, "फौज नाही, म्हणून बिसीजही गेला." तर कुशाबा काठी आपटून पुढं! "का वं मास्तर? फौज न्हाई म्हंजी? दिवाळीपसनं मी येकटा हितं हुबा हाय, ते काय फौजेपरीस कमी हाय व्हय?" आत्या ओट्यावरून म्हणाली, "फौज एवढी भाकरी खात न्हाई रं कुशा." आणि मग मास्तरांकडं वळली. डोक्यावर घागर तशीच. म्हणाली, "मास्तर, माजी गाय तहानलीया. तिला यातला कंचा शबूद पाजू, तेवढं सांगा."

तुम्हाला सांगतो, मास्तरांचं तोंड… मी बघितलं नाही तिकडं. बघितलं, पण थोडंच. रात्री कुडातून काही आलं नाही. ना सराउंड, ना काही. फक्त पानं उलटल्याचा आवाज. आपल्याला काय करायचंय, म्हणा! पण झोप आली नाही मला, ते मात्र खरं.

आणि साहेब आला! ओढ्याच्या काठी आंब्याखाली तंबू ठोकला, हा एवढा पांढरा, मागं घोडा बांधला, पुढं पट्टेवाला उभा. मास्तर उपरणं घालून, पगडी सावरून, हातात अर्ज घेऊन निघाले. अर्ज कसा? सुंदर! मोत्यासारखं अक्षर. फक्त मधे एका शब्दाची जागा कोरी. "मास्तर," मी म्हटलं, "भोक राहिलंय." तर म्हणाले, "टाक-दौत बरोबर आहे. वाटेत सुचेल." एवढ्याशा वाटेत काय सुचणार हो? आठ दिवस सुचलं नाही ते!

आम्ही पोचतो तो काय? तंबूभोवती गर्दी, आणि मधे ठकूआत्या! डोक्याला पदर, ओठ घट्ट मिटलेले, हातात घागर, आणि घागरीतून पाण्याची धार सोडत तंबूला फेरा घालतेय!

आता ही आमच्याकडची रीत. गावावर साथसोथ आली, नाहीतर खळ्याला राखण हवी असली, की धार धरायची. तोंडातून अक्षर काढायचं नाही, आणि पाण्याची रेघ न तोडता फेरा पुरा करायचा. रेघेच्या आतलं सगळं देवाच्या राखणीत. आणि एकदा रेघ पडली की धार धरणारणीनं स्वतः पाय देऊन ती मोडेपर्यंत कुणी ओलांडायची नाही. आतल्यानं बाहेर नाही, बाहेरच्यानं आत नाही. हे आम्हाला ठाऊक. साहेबाला कुठलं ठाऊक? बायका ओढ्यावरून भरल्या घागरी आणून तिच्या हातात देतायत. एका फेऱ्याला एक घागर. मी आमच्या मंडळीला विचारलं, "हे काय काढलंय?" तर कुजबुजली, "सात फेऱ्यांचा नवस बोललीया. मास्तर म्हणत व्हते ना, सात नावं हायती? म्हणली, कंच्या नावाला पावतंय कुणाला म्हाईत, सातांचाबी येकेक फेरा घालते."

पट्टेवाला ओरडला, "ए बाई! हट!" आत्या बोलते कशाची? मौन! तिसऱ्या फेऱ्याला तंबूचा पडदा उघडला आणि साहेब बाहेर. अर्ध्या गालाला साबणाचा फेस, हातात वस्तरा. आम्ही सगळे वाकलो. मास्तरांनी घसा साफ केला, इंग्रजी वाक्य जिभेवर आणलं… आणि साहेब बोलला, "बाई, आपण हे काय करीत आहा?"

मराठीत! अहो, मराठीत! पुस्तकातल्यासारखी, वेलांटी-उकारासकट, पण मराठी! मास्तरांनी जिभेवरचं इंग्रजी वाक्य तसंच गिळलं. पगडीखालून घामाचा ओघळ निघाला तो थेट उपरण्यात.

आत्या चालतेच आहे. साहेब विचारत विचारत तिच्याबरोबर चालायला लागला, रेघेच्या आतल्या अंगानं. साहेब चालला म्हणून पट्टेवाला चालला. पट्टेवाला चालला म्हणून कारकून दप्तर बगलेत मारून चालला. बाहेरच्या अंगानं मास्तर, मास्तरांमागं शेठ, शेठमागं काठी खांद्यावर टाकून कुशाबा, आणि सगळं नीट दिसावं म्हणून मी. तुम्हाला सांगतो, भर सकाळी, सरकार स्वतःच्याच तंबूला प्रदक्षिणा घालतंय! फेस वाळला गालावर!

पाचव्या फेऱ्याला साहेबाला मास्तरांच्या हातातला कागद दिसला. म्हणाला, "ते काय आहे?" मास्तरांनी चालता चालता रेघेवरून कागद पुढं केला. शेठ हळूच म्हणाले, "कागदाला चालतं." साहेबानं वाचलं. थांबला. पुन्हा वाचलं. "येथे शब्द का नाही?" मास्तर म्हणाले, "साहेब… सात आहेत. सराउंड, एन्क्लोज…" असे सातही म्हणून दाखवले. एकही चुकला नाही हो! पुण्याच्या परीक्षेत जे आलं नाही ते ओढ्याच्या काठी, चालता चालता, धडाधड आलं! साहेबाच्या मिश्या हलल्या. म्हणाला, "मास्तर, हे सात शब्द एका दमात मलाही आठवले नसते. यांतील कोणताही चालेल."

कोणताही! आठ दिवसांच्या पहाटा, माझी झोप, शेठची ढेप, आणि कोणताही चालेल! मास्तर हसले, पण ते हसू… म्हणजे पोराला पहिला नंबर मिळावा आणि त्याच दिवशी शाळा बंद पडावी, तसं.

तेवढ्यात सातवा फेरा पुरा झाला. आत्यानं घागर खाली ठेवली, साहेबाला हात जोडले आणि दोन घटका मिटलेलं तोंड उघडलं. पण ती काय बोलणार, त्याच्या आधी मागून कालवा! साहेबाचा मोतद्दार घोडा सोडून ओढ्यावर पाण्याला न्यायला निघाला होता आणि आमच्या बायकांनी त्याला रेघेवर अडवला. "वलांडू नगंस! धार हाय! घोड्याचं वाटुळं हुईल!" मोतद्दार म्हणतोय, "अगं, तहानलाय तो!" घोडा पाय आपटतोय, ओढा समोर वीस हातांवर खळखळतोय, आणि मधे ती बोटभर पाण्याची रेघ!

साहेबानं घोड्याकडं बघितलं. रेघेकडं बघितलं. आत्याकडं बघितलं. म्हणाला, "बाई, माझ्या घोड्यास पाणी पाहिजे."

आत्या म्हणाली, "व्हय सायेब. माज्या गाईलाबी."

बस्स! एवढंच! तुम्हाला सांगतो, तिनं हे ठरवून केलं की आपोआप झालं, मी आजवर दहादा विचारलंय. ती म्हणते, "मी आपला नवस फेडला बाबा." पण म्हणताना पदराआड हसते.  साहेब एवढ्या मोठ्यानं हसला की वाळलेला फेस पोपडे धरून पडला. टेकाडाकडं बोट करून कुशाबाला म्हणाला, "दगड दाखवा." आत्यानं पाय देऊन रेघ मोडली, घोडा पाण्याला गेला आणि साहेब टेकाडाला. अकरा दगड बघितले, तांबूला बघितलं, घागरी बघितल्या. आणि जागेवर सांगितलं, घरापासून ओढ्यापर्यंत आठ हात रुंद वाट गाईसाठी सोडावी. आत्यानं त्या वेळी गाईच्या गळ्याला मिठी मारली. तेव्हा मात्र रडली. कुशाबासुद्धा काठी काखेत धरून डोळे पुसत होता. म्हणाला, "धूळ गेली."

साहेबानं मास्तरांचा टाक मागून घेतला आणि अर्जातल्या कोऱ्या जागेत स्वतःच्या हातानं एक शब्द लिहिला. कुठला? तेच तर! कागद गेला साहेबाबरोबर. बघितला तो एकट्या मास्तरांनी. मी कुडातून विचारलं, अंगणातून विचारलं, आमच्या मंडळीच्या हाती खरवस पाठवून विचारलं. खरवस खाल्ला आणि म्हणाले, "जाऊ द्या भगवंतभाऊ, आपल्याला काय करायचंय!" आता बोला!

पण माझं खरं दुःख ते नाही. साहेब घोड्यावर चढताना कारकुनाला म्हणाला, "या वाटेवरून गाय नीट जाते, रानात तोंड घालीत नाही, हे पाहण्यास गावातील एक मनुष्य नेमा. ज्याला या प्रकरणाची आरंभापासून इत्थंभूत माहिती आहे असा." तुम्हाला सांगतो, एवढी गर्दी होती, पन्नास माणूस असेल. पण सगळ्यांची बोटं एकदम! शेठचं, कुशाबाचं, मास्तरांचं… आमच्या मंडळीचंसुद्धा!

तेव्हापासून रोज सकाळी मी टेकाडावर. वाट झाली, दोन्ही अंगांना निवडुंग लावला, कुशाबानं स्वतः लावला. आणि तांबू? तांबू हलत नाही हो! तीन महिने पाणी गोठ्यात यायची सवय लागली, ती आता राणीसाहेब कशाला उतरतायत? पुढून आत्या चुचकारते, मागून मी ढकलतो. दगडापर्यंत येते, वाटेकडं बघते, उसासा टाकते आणि माघारी वळून बसते. मग मीच घामाघूम होऊन ओढ्यावर जातो. आठ हात रुंद सरकारी वाट, आणि तिच्यावरनं रोज नेमानं उतरून पाणी पिऊन परत येणारं जनावर अख्ख्या शिनोलीत एकच… मी!